लेकाचं नाक आणि भाऊजींचा कान

प्रश्न : डॉक्टर, आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याची सर्दी सुटतच नाही. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो आणि एवढ्याशा जिवाचं घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं. झोपेत कधी कधी श्वास अडकल्यासारखा वाटतो, पण मला खात्री नाही. अंथरूण ओलं करणं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालंय. शाळेतल्या बाई म्हणतात, वर्गात लक्ष नसतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नाकामागची ॲडिनॉइडची गाठ वाढून ७५ टक्के जागा अडली आहे म्हणाले आणि ऑपरेशन सुचवलं. त्याआधी नाकात मारायचा स्प्रे दिला होता, तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून आम्ही तो बंद केला. सासूबाई म्हणतात, गाठ काढली की प्रतिकारशक्ती जाते आणि वय वाढलं की ती आपोआप जिरतेच. त्या रोज रात्री त्याच्या कानात कोमट तेल घालतात. ह्यांचंही मन तयार नाही. काय करावं?

जाता जाता आणखी एक. माझे मोठे दीर ४३ वर्षांचे आहेत. तीन महिने त्यांचा उजवा कान गच्च आहे. त्यांनाही ॲडिनॉइड वाढलंय म्हणे आणि डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणतात. ‘लहान पोरांचा आजार मला कुठून होणार’ म्हणून ते परत गेलेच नाहीत. मोठ्यांना हे होतं का?
– एक आई, जळगाव

उत्तर : ताई, तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून जे लिहिलंत ते मी आधी घेते. भाऊजींना याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा. मुलाचं नीट तपासून, विचार करून ठरवायला आपल्या हाती काही आठवडे आहेत. भाऊजींचे तीन महिने आधीच गेलेत.

कारण सांगते. नाक मागे जिथे संपतं आणि घसा सुरू होतो, पडजिभेच्या वरच्या त्या कोनाड्यात ॲडिनॉइड असतं. तोंड उघडून टॉर्च मारला तर टॉन्सिल दिसतात, हे दिसत नाही. त्याच कोनाड्यात दोन्ही बाजूंना कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडं उघडतात. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा कान ‘टक्’ करून मोकळा होतो, ते या नळ्यांचं काम. नळीचं तोंड दाबलं गेलं की कानाच्या पडद्यामागची हवा कोंडते, हळूहळू तिथे पाणी जमतं आणि कान गच्च होतो. लहान मुलात हे काम बहुतेक वेळा वाढलेलं ॲडिनॉइड करतं. पण ४३ वर्षांच्या माणसात ॲडिनॉइड एव्हाना आक्रसून गेलेलं असायला हवं. तरी तिथे काहीतरी वाढलेलं दिसतंय आणि एकाच बाजूचा कान बंद आहे, तर ते वाढलेलं नेमकं काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तुमचे डॉक्टर तुकडा मागतायत ते अगदी बरोबर आहे.

मोठ्यांनाही ॲडिनॉइड वाढतं. जुनी ॲलर्जी, सायनसचा वारंवार होणारा संसर्ग, सिगारेट-बिडी, कधी लहानपणापासून राहून गेलेली गाठ, अशी साधी कारणं बरेचदा सापडतात. एचआयव्हीमध्येही हा भाग सुजतो, म्हणून डॉक्टरांनी ती रक्ततपासणी सांगितली तर भाऊजींनी मनाला लावून घेऊ नये. आणि क्वचित तिथे लसिका ग्रंथींचा किंवा नाकामागच्या पोकळीचा कॅन्सर असतो. हा दुसरा कॅन्सर आपल्याकडे फारसा आढळत नाही. भारतात तो जास्त दिसतो ईशान्येकडे, नागालँडसारख्या राज्यांत. पण विरळा आहे म्हणून महाराष्ट्रातल्या माणसाला होतच नाही असं नाही, आणि त्याची पहिली खूण बरेचदा एवढीच असते : एका बाजूचा कान गच्च होणं, किंवा कानाखाली मानेत न दुखणारी गाठ येणं. भाऊजींची मान चाचपून पाहा. सकाळी खाकरताना रक्ताची रेघ येते का, कधी एकाच्या दोन वस्तू दिसतात का, हेही विचारा. यातलं काहीच नसलं तरी जायचं आहेच. हा आजार लवकर सापडला तर रेडिएशनला फार चांगली दाद देतो. उशीर झाला की उपचार जड होतात.

तपासणी भाऊजींना वाटते तेवढी मोठी नाही. बऱ्याचदा नाक बधिर करून, नाकातूनच बारीक दुर्बीण घालून तुकडा घेता येतो. कधी आधी स्कॅन करतात, कधी भूल देऊन पूर्ण गाठच काढतात. काहीही केलं तरी एक गोष्ट पक्की विचारायची : काढलेलं सगळं पॅथॉलॉजीला गेलं ना? मोठ्या माणसाच्या नाकामागून काढलेली गाठ तपासणीला न पाठवता टाकून देऊ नये. अहवाल साधा आला तर सगळ्यांच्याच डोक्यावरचं ओझं उतरेल आणि कानातल्या पाण्याचं काय करायचं ते डॉक्टर निवांत ठरवतील.

आता लेकराकडे येते.

तुमच्या पत्रात एक्स-रेचा ७५ टक्के हा आकडा आहे, पण मुलाला ऐकू किती येतं हे कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. एक्स-रे ही एका क्षणाची सावली असते. मूल रडत असेल, मान कलती असेल, त्या आठवड्यात सर्दी असेल, तर तीच गाठ लहान-मोठी दिसते. ९० टक्के अडलेली आणि तरी शांत झोपणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि निम्मी जागा मोकळी असून रात्रभर धडपडणारीही. ऑपरेशन आकड्याचं करायचं नसतं. मुलाची झोप कशी आहे आणि त्याला ऐकू कसं येतं, यावर ते ठरतं.

म्हणून आधी कानाच्या दोन तपासण्या करून घ्या : ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजणं, आणि टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो की मागे पाणी आहे ते पाहणं. सुईही नाही आणि दुखतही नाही. साडेपाच वर्षांचं मूल खेळाच्या नादात दोन्ही करून देतं. बाई म्हणतात लक्ष नसतं, पण पडद्यामागे पाणी असेल तर त्याला सगळं पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं येत असणार. घरात जवळून बोललेलं कळतं, म्हणून आपल्याला संशय येत नाही. वर्गात मागच्या बाकावर, पंखा आणि चाळीस मुलांच्या कलकलाटात बाईंचं अर्धं वाक्य हरवतं. अशा कितीतरी मुलांना घरी आणि शाळेत ‘ऐकत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात, आणि ते अक्षरशः खरं असतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तपासणी होईपर्यंत बाईंना भेटून त्याला पुढच्या बाकावर बसवून घ्या. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही कान-नाक-घसा विभाग आहे. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेही ऐकण्याच्या तक्रारी बघून पुढे पाठवतं.

कानात पाणी सापडलं तरी लगेच घाबरायचं नाही. बऱ्याच मुलांचं ते आपोआप ओसरतं, म्हणून साधारण तीन महिने थांबून पुन्हा मोजतात. मात्र तरीही ते राहिलं आणि ऐकणं कमी असेल, तर चार वर्षांपुढच्या मुलात ॲडिनॉइड काढण्याचा विचार करतात आणि गरजेप्रमाणे पडद्यात ग्रॉमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. ती बहुतेक वेळा वर्ष-सव्वा वर्षात आपणहून गळून पडते. सासूबाईंचं तेल मात्र आजपासून बंद. पाणी पडद्याच्या पलीकडे आहे, तेल अलीकडेच राहतं. नाकात तूप-तेल सोडण्याचीही सवय असेल तर तीही थांबवा. लहान मुलाच्या श्वासाबरोबर ते फुप्फुसात उतरू शकतं.

झोपेसाठी तुमचा मोबाइल वापरा. पहाटे तीन-चारच्या सुमारास, घोरणं भरात असताना, अंगावरचं पांघरूण काढून छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. असे दोन-तीन वेगवेगळ्या रात्री. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही, मग दचकून मोठा श्वास घेतो, असं दिसलं तर तुमची शंका खरी आहे. अंथरूण पुन्हा ओलं होणं हेही त्याच्याशी जुळतं. हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. शंका राहिली तर ते झोपेची रात्रभराची तपासणी सांगतील. ओठ निळसर दिसणं, श्वासागणिक छातीचा खळगा आत ओढला जाणं, बसून किंवा मान मागे टाकूनच झोपणं, असं काही असेल तर आठवडे मोजत बसू नका, लगेच जा.

आणखी एक चाचणी घरीच होते, आणि मुलांना ती आवडते. त्याला ‘मामा’ आणि ‘नाना’ म्हणायला सांगा. नाक बंद असलेल्या मुलाचा ‘मामा’ ‘बाबा’सारखा आणि ‘नाना’ ‘दादा’सारखा ऐकू येतो, कारण म आणि न यांना नाकातून वाट लागते. मग त्याचं नाक चिमटीत धरून पुन्हा तेच म्हणायला सांगा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर नाक मुळात बंदच होतं. थंड स्टीलची वाटी नाकपुड्यांखाली धरली की दोन्हीकडे वाफ उमटते का तेही कळतं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर मात्र तो ॲडिनॉइडचा प्रकार नव्हे. बहुधा चिंचोका, मणी, खडूचा तुकडा असं काहीतरी आत अडकलेलं असतं. बटणासारखा सेल असेल तर तासांत इजा होते, त्याला तर एक रात्रही थांबायचं नाही.

स्प्रेबद्दल थोडी तक्रार करते. तीन आठवडे पुरत नाहीत. नाकातला स्टिरॉइड स्प्रे सूज हळूहळू उतरवतो, त्याला सहा ते आठ आठवडे रोज द्यावे लागतात. मान किंचित पुढे झुकवून, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला. आधी मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून नाक साफ केलेलं बरं. ‘स्टिरॉइड’ शब्दाने दचकू नका, डॉक्टरांच्या मात्रेत तो फारसा रक्तात उतरत नाही. सोबत मॉन्टेलुकास्ट हे ॲलर्जीचं औषध दिलं असेल तर मूल अचानक चिडचिडं होतंय का, भयानक स्वप्नं पडतायत का, उदास राहतंय का, याकडे लक्ष ठेवा आणि तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याच्यावर कडक इशारा छापायला लावला आहे. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती गॅलरीत नव्हे, पूर्ण बंद. त्याच्या खोलीतली डासांची अगरबत्तीही.

सासूबाईंचं म्हणणं मी धुडकावून लावणार नाही, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. ॲडिनॉइड तीन ते सात वर्षांच्या दरम्यान सगळ्यात मोठं असतं आणि वयात येता येता आक्रसतं. थांबण्यानेही काहींना बरं वाटतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५ ते ९ वर्षांची, झोपेत श्वास अडणारी ४६४ मुलं होती. फार तीव्र त्रासाची मुलं त्यात घेतली नव्हती. सात महिन्यांनी, टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य झाली. नुसतं लक्ष ठेवून थांबलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची झाली. म्हणजे थांबणं हा वेडेपणा नाही, आणि ऑपरेशनचा फायदाही उघड आहे. लक्ष आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही, म्हणून ‘ऑपरेशन केलं की अभ्यासात पहिला येईल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वागणूक, झोप आणि रोजचं जगणं मात्र ऑपरेशन झालेल्या मुलांचं जास्त सुधारलं.

पण वय वाढेपर्यंत थांबण्याची किंमत मोजावी लागते, ती सासूबाईंना दिसत नसावी. तोंडाने श्वास घेत वाढणाऱ्या मुलाची टाळू उंच आणि अरुंद होत जाते, दातांना जागा पुरत नाही, चेहरा लांबट होतो. भाषा पक्की होण्याची वर्षं अर्धवट ऐकण्यात जातात. गाठ बाराव्या वर्षी जिरेलही, ही वर्षं परत येत नाहीत.

प्रतिकारशक्तीचं काय? नाक-घशाच्या तोंडाशी संरक्षक गाठींचं एक कडंच असतं : टॉन्सिल, जिभेच्या मुळाशी असलेला भाग, ॲडिनॉइड. एक काढल्याने बाकीचे आपलं काम सोडत नाहीत, आणि या वयात शरीराची ओळखपाळख बरीच झालेली असते. २०१८ साली डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवरून असं दिसलं की नऊ वर्षांच्या आत टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड काढलेल्यांना पुढे श्वसनाचे काही आजार जास्त झाले. हे मी लपवत नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त संसर्ग व्हायचे त्यांचीच ऑपरेशनं झाली असणार, त्यामुळे दोष गाठ काढण्याचा की मुळातल्या प्रकृतीचा, हे नुसत्या नोंदींवरून वेगळं करता येत नाही. मी त्यातून एवढंच घेते की कारण नसताना काढू नये. कारण असेल तर भीतीने अडवू नये.

तुमच्या मुलाचं मला काय वाटतं? वर्षभर तोंडाने श्वास, घोरणं, ओलं अंथरूण, बाईंची तक्रार. व्हिडिओत श्वास थांबताना दिसला, किंवा कानातलं पाणी हटत नाही असं ठरलं, तर मी माझ्या घरच्या मुलाचंही ऑपरेशन करून घेईन. श्वास थांबत नसेल तर स्प्रे नीट दोन महिने देऊन मग ठरवा. टॉन्सिलही मोठे आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. झोपेसाठी ऑपरेशन असेल तर बहुधा दोन्ही एकदम काढतात, आणि मग दुखणं दहा-चौदा दिवसांचं असतं. नुसतं ॲडिनॉइड असेल तर आठवडाभरात मूल पुन्हा उड्या मारतं.

बाहेरून काप नाही, टाके नाहीत. पूर्ण भूल देऊन तोंडातूनच गाठ खरवडून किंवा यंत्राने काढतात. त्याला अर्धा तास लागतो, फार तर थोडा जास्त. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी ही गाठ, बंद नाक आणि मंद कान यांचं नातं जगापुढे मांडलं, तेव्हा गाठ ओळखायला बोट पडजिभेमागे घालून चाचपावं लागे. आज दुर्बिणीतून पाहत काढता येते.

आधी डॉक्टरांना काही गोष्टी आपण होऊन सांगायच्या. घरात कुणाला दात काढल्यावर रक्त थांबलं नाही का, तुम्हाला पाळीत फार रक्तस्राव होतो का. मुलाची पडजीभ मधोमध दुभंगलेली आहे का, तान्हेपणी दूध नाकातून यायचं का. टाळूत झाकलेली फट असेल तर ॲडिनॉइड काढल्यावर बोलणं कायमचं नाकात जाऊ शकतं, म्हणून हा प्रश्न फार मोलाचा. त्याचा एखादा दात हलत असेल तर भूलतज्ज्ञांना दाखवा. ताप-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. आणि उपाशी म्हणजे उपाशी : जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच. नातवाचं कोमेजलेलं तोंड बघून आजी हळूच बिस्किट देते, ते भुलेत उलटून श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. हे घरातल्या प्रत्येकाला आदल्या रात्री समोर बसवून सांगा.

नंतर पहिल्या दिवशी शेंबडात थोडं रक्त दिसतं. आठवडाभर तोंडाला वास येतो, आवाज थोडा बदलतो, पाणी पिताना नाकात गेल्यासारखं होतं. हे सगळं बहुतेक वेळा ओसरतं. बोलणं दोन-तीन महिन्यांनीही नाकातच राहिलं तर वाचातज्ज्ञांकडे जा. दुखण्याला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन नको, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर अजिबात नको. ताजं लाल रक्त आलं, रक्ताची उलटी झाली, किंवा झोपेत मूल सारखं काहीतरी गिळतंय असं दिसलं तर तसंच उचलून दवाखान्यात न्या. ते गिळत असतं ते रक्त असू शकतं. असं फार थोड्या मुलांना होतं, पण आई-वडिलांना माहीत असावं. तापाबरोबर मान एका बाजूला वाकडी होऊन आखडली तरी दाखवा. काही मुलांत, विशेषतः फार लहानपणी काढलं असेल तर, गाठ थोडी पुन्हा वाढते.

वाचकांतल्या आणखी काही घरांसाठी एक ओळ : मुलगा बारा-पंधरा वर्षांचा असेल, एक नाकपुडी बंद आणि वारंवार भळभळा रक्त येत असेल, तर ‘ॲडिनॉइड’ म्हणून तुकडा काढू देऊ नका. आधी स्कॅन. त्या वयातल्या मुलांत रक्तवाहिन्यांची एक वेगळी गाठ होते.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना सोबत न्या, ह्यांनाही. प्रतिकारशक्तीचा प्रश्न सासूबाईंना स्वतः विचारू द्या. तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरांनी व्हिडिओ लावून दाखवलेलं यात त्यांना फरक वाटेल. आणि त्याच दिवशी, जमलं तर त्याच दवाखान्यात, भाऊजींचाही नंबर लावा. पुतण्याच्या तपासणीला सोबत चला म्हणालात तर ते नाही म्हणणार नाहीत.